दोन टप्पे आणि साखळीचा आवाज

सर, या आठवड्यात दसरा आहे म्हणून सकाळी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात झेंडू शोधत हिंडले. मिळाला नाही. इथे ऑकलंडला दसरा वसंतात येतो, झेंडूची रोपं तेव्हा कुठे ट्रेमधून डोकं वर काढत असतात. शेवटी एका चिनी आजीबाईंकडून पिवळी शेवंती घेतली, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. मेथी निवडायची तशीच पडली आहे आणि मी तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पान भरायला घेतलं, याचं कारण सांगून टाकते. त्या शेवटच्या दसऱ्याला तुम्ही मला बोलावलं होतंत आणि मी आले नाही. का आले नाही हे मला स्वतःला इतकी वर्षं धड सांगता येत नव्हतं. ते काल टौरंगाहून परत येताना गाडीत माझ्या मुलीने सांगितलं. तिला तुमचं नावही नीट माहीत नाही.

ती सोळा वर्षांची आहे आणि तिच्या कॉलेजकडून बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड खेळते. इथे शाळेलाच कॉलेज म्हणतात, तेव्हा तुम्ही भुवया उंचावू नका. पॉइंट गार्ड म्हणजे काय, हे मी इथल्या आपल्या मराठी मंडळींना अजून तुमच्याच शब्दांत सांगते. तुम्ही म्हणायचात, "वाढपी. पंगतीत कुणाच्या पानात काय संपलंय ते ज्याला न मागता कळतं तो. स्वतः शेवटी जेवायचं." पुण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी स्वतःच पाच-सहा बास्केट टाकून खुशीत तुमच्यापुढे उभी राहिले, तर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "पोट भरलं का? बाकीच्या चौघी उपाशी गेल्या." मी रडले नाही, पण पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी तीन वेळा बांधली आणि सोडली.

तुमचं वेडच ते. सेंटर, फॉरवर्ड यांच्याबद्दल तुम्ही फार बोलत नसायचात. पण आपल्या कॉलेजला आजवर किती पॉइंट गार्ड झाल्या, कोण कुणापेक्षा सरस, कुणाचं काय कमी पडलं, हा विषय निघाला की तुमचा चहा गार व्हायचा. सगळ्यांत वर कायम ताई. ती आमच्या आधी पंधरा वर्षं खेळून गेलेली, तेव्हाचं कोर्ट मातीचं. तुम्ही म्हणायचात, मातीवर चेंडू सरळ उसळेल याचा भरवसा नसतो, खडा लागला की तो भलतीकडे जातो. म्हणून मातीवरची मुलगी चेंडू जमिनीजवळ ठेवते, फार वेळ बाळगत नाही आणि लवकर दुसरीच्या हातात देते. आमच्या वेळेला सिमेंट आलं. सिमेंटवर टाकला की चेंडू शहाण्यासारखा हातात परत येतो. मग आम्ही तो खेळवतच बसलो. माझा ड्रिबल बघायला बाहेरची मुलं कुंपणाशी उभी राहायची आणि तुम्ही ओरडायचात, "टप्पे कमी कर. चेंडू तुझ्या हातात म्हातारा झाला."

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, की सर, ती मातीवर खेळली, मी सिमेंटवर खेळते, मग तुलना करताच कशी? जमीनच वेगळी. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, जमीन वेगळी, बूट वेगळे, चेंडूसुद्धा वेगळा. एकच गोष्ट सगळ्या जमान्यांत तीच राहते. पास दिल्यावर तिची मान कुठे वळते. चेंडू गेला त्याच्या मागे वळते, की आपल्याला कोण बघतंय तिकडे वळते.  माझी मान कुठे वळत होती ते मला माहीत होतं.

दसऱ्याची ती पद्धत मी इथे कुणाला सांगितली तर खरं वाटत नाही. सकाळी कोर्ट धुवायचं, दोन्ही खांबांना झेंडूच्या माळा, सहाही चेंडूंना हळदकुंकू, खांबाच्या बुडाशी नारळ. पूजा होईपर्यंत चपला-बूट घालून कोर्टावर पाऊल टाकायचं नाही. मग जुन्या विरुद्ध नव्या असा सामना. लेकुरवाळ्या बायका ओढण्या कमरेला बांधून उतरायच्या. सामना झाला की जुनी पॉइंट गार्ड नव्या पॉइंट गार्डच्या हातात आपट्याचं पान द्यायची आणि त्यानंतर तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचात, या वर्षीची कुठे बसते ते. वर्षभराचा निकाल तो. विद्यापीठाच्या संघात निवड झाली त्याची मला इतकी धाकधूक नव्हती.

दुसऱ्या वर्षीचा दसरा. ताई समोर. बँकेत नोकरी करणारी, दोन मुलांची आई, चाळिशीकडे झुकलेली, धाप लागत होती तिला. मी तिला तीनदा चकवून गेले आणि तरी तिच्या संघाने आमच्यापेक्षा दुप्पट बास्केट टाकल्या. ती पळतच नव्हती. चेंडू तिच्याकडे आला की दोन टप्पे, आणि गेला. शेवटी माझ्या हातात पान देताना हसून म्हणाली, "काय पळतेस गं, बघूनच दमले." मला वाटलं कौतुक आहे. तुम्ही खुर्चीवरून उठलात, माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाय हिचे सरस. खेळ अजून तिचाच." झालं. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी जाताना ते पान मी चुरगळून टाकलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरी मात्र मी त्याच संध्याकाळी आले, कारण काकूंनी श्रीखंडाला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात काकू पुऱ्या तळतायत, तुम्ही पाटावर बसला आहात आणि फरशीवर पाच वाट्या मांडून मला दाखवता आहात, की मी कुठे चुकले. ही तू, ही डावीकडची, ही रिंगखालची. एक लिंबू चेंडू म्हणून. तुम्ही ते लिंबू एका वाटीकडून दुसरीकडे सरकवता आहात आणि सांगता आहात, की इथे दोन टप्प्यांत दिलं असतंस तर ही मोकळी होती. मग पलीकडची वाटी उचलायला हात पुढे करता. हात वाटीच्या वीतभर अलीकडे जमिनीवर पडतो. चाचपडतो. काकूंची पाठ आहे. मी बघते आणि वाटी हळूच तुमच्या बोटांशी सरकवते. तुम्ही ती उचलता आणि पुढचा पास सांगायला लागता.

त्यानंतर तुम्ही सरावाला कोर्टाकडे पाठ करून पायऱ्यांवर बसायला लागलात. पोरी म्हणाल्या, सरांची नवीन लहर. तुम्ही ऐकत असायचात. आपल्या रिंगांना दोऱ्याची जाळी टिकत नसे म्हणून लोखंडी साखळीची जाळी होती, बास्केट झाली की खळकन वाजायची. तुम्ही टप्पे ऐकायचात, मग साखळी. पाठमोरे असतानाच सांगायचात, "सात टप्पे. सात टप्प्यांत माणूस डेक्कनला पोचतो." आणि मलाही शेजारी बसवून डोळे मिटायला लावायचात. चेंडू कोणाच्या हातात आहे ते टप्प्यावरून ओळख. मी ओळखायला लागले. तुमच्यानंतर ती विद्या मला एकटीलाच येते, असा मला गर्व होता. तुम्हाला तिची गरज होती आणि मला नव्हती, इतका साधा फरक मी तेव्हा मनावर घेतला नाही.

मग मी पास झाले, विद्यापीठाची कर्णधार होऊन बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षी सांगलीकडची ती मुलगी आली. मी तिला पाहिलं नव्हतं, पण ऐकत होते. जो तो भेटला की तेच. अगं, तुमच्या सरांना ताईनंतर कुणी मिळाली म्हणतात. माझं पुढे शिकायला इकडे यायचं ठरलं होतं, व्हिसा आला होता, नवरात्रात बॅगा भरणं चालू होतं. अष्टमीला काकूंचा फोन आला. "ह्यांनी निरोप दिलाय. दसऱ्याला येच म्हणाले. ती नवीन मुलगी आहे ना, त्या वेळी तू हवीस म्हणाले. आणि बरं नाहीये गं त्यांना, येऊन जा." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि आईला म्हटलं, मला माहितेय कशाला बोलावलंय. चारचौघांत तिच्याशेजारी उभी करतील आणि सांगतील, पाय हिचे सरस, खेळ तिचा. आई म्हणाली, "अगं, आजारी माणूस आहे." मी बॅगेची चेन लावत राहिले.

आठ दिवसांनी मी विमानात बसले. पुढचा दसरा यायच्या आत तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा मी इथे न्यू लिनला चौघींत मिळून एका घरात राहत होते, दिवसा शिकून संध्याकाळी एका डेअरीत काम करत होते. डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. आईचा फोन आला, तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला दूध दिलं, "हॅव अ गुड वन" म्हटलं आणि मागे जाऊन कोकच्या खोक्यांवर बसले. तेव्हाही मला, खरं सांगायचं तर, दुःखाच्या आधी एक दुसराच विचार आला. आता तो निकाल कधीच कळणार नाही. लाज वाटते लिहायला, पण आला.

ताई बऱ्याच वर्षांनी भेटली, मी मुलीला घेऊन पुण्याला आले तेव्हा. तिचे केस पांढरे झालेत, गुडघे गेलेत. मी सहज हसत म्हटलं, बरं झालं मी त्या दसऱ्याला आले नाही, सरांनी माझी पार वाट लावली असती. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुला काय वाटलं, खेळायला बोलावलं होतं? अगं, त्यांना तोवर काहीच दिसत नव्हतं. शेजारी एक खुर्ची ठेवली होती तुझ्यासाठी. मी बसायला गेले तर म्हणाले, तू नको, ती येतेय. ती बघून सांगेल मला ही मुलगी कशी आहे." मी विचारलं, मीच का? तर ताईने तुमचीच नक्कल केली, तशीच मान वाकडी करून. "'बाकीच्या सगळ्या मला बरं वाटावं म्हणून चांगलंच बोलतील. हिला दुसरीचं चांगलं म्हणायला जीव जातो. ही चांगली म्हणाली तर ती नक्की चांगली.'" मग ताई म्हणाली, सामना संपेपर्यंत तुम्ही कुणाला त्या खुर्चीवर बसू दिलं नाहीत. आपट्याचं पान तिने दिलं. तुम्ही उठलाच नाहीत, निकालही दिला नाहीत. म्हणालात, "मी पाहिलं नाही, कसं सांगू?" आणि त्या पोरीचा निकाल राहिला तो राहिलाच.

एवढं कळूनही मी स्वतःशी वाद घालत आले, सर. मला काय माहीत, नीट सांगायचं होतं, काकूंनी फोनवर म्हणायचं होतं. मी भांडखोर आहे हे तुम्ही बरोबर ओळखलं होतं, मी तुमच्या मागेही तुमच्याशी भांडत राहिले.

काल टौरंगाला माझ्या मुलीचा या हंगामातला शेवटचा सामना होता. लाकडी जमीन, छत, दोऱ्याची शुभ्र जाळी, सगळं कसं गुळगुळीत. मी वरच्या बाकावर बसले आणि तुमची आठवण आली म्हणून डोळे मिटून बघितलं. काही कळत नाही इथे. बुटांच्या किंचाळ्या, ढोल, दोऱ्याच्या जाळीला आवाजच नाही. शेजारच्या सामोअन आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "यू ऑलराइट, माय डिअर?" मी डोळे उघडले. शेवटची काही सेकंदं उरली होती, एका गुणाने मागे होतो. हिच्या हातात चेंडू. समोरची चकलेली, रिंगपर्यंत वाट मोकळी. मी असते तर गेलेच असते. हिने दोन टप्पे घेतले आणि डावीकडच्या मैत्रिणीला दिला, ती हिच्याहून जास्त मोकळी होती. त्या मुलीने टाकला, रिंगवरून बाहेर पडला. हरलो. ही धावत गेली आणि त्या मुलीला घट्ट धरून उभी राहिली. इथे हरल्यावरही कोच "गुड ऑन यू, गर्ल्स" म्हणतात, मला अजून सवय होत नाही त्याची.

गाडीत बसून तास झाला असेल. मग माझंच तोंड उघडलं. म्हटलं, "तू स्वतः घ्यायला हवा होतास. मी तुझ्या वयाची असताना तिथे कधीच सोडला नसता. आमच्याकडे सिमेंट होतं, पडलं की गुडघा फुटायचा, तरी." ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "शी वॉज ओपन, आई." मी म्हटलं, "ओपन होती, पण टाकता आला का तिला?" तिला माझं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि ते नेहमी लहान असतं. तिने आवाज न चढवता सांगितलं, "यू वरन्ट वॉचिंग मी. यू वर वॉचिंग यू. यू ऑलवेज डू."

मी पुढे बराच वेळ गाडी चालवत होते आणि मला रस्ता दिसत होता म्हणायचा इतकंच. तुम्ही डोळे गेल्यावर माझे डोळे मागितलेत, आणि ते दुसऱ्या कुणाकडे वळत नाहीत हे माहीत असून मागितलेत. एक दिवसापुरते. मला वाटलं तुम्ही माझी तुलना करणार, आणि तुम्ही तर ती तुलना माझ्याच हाती देत होतात. जन्मभर ज्या खेळाचा निकाल तुम्ही दिलात तो एकदा मी द्यावा, म्हणून खुर्ची मांडून बसला होतात. मला फार वाईट वाटतं, सर. याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत ते सांगता येत नाही.

तेव्हा आज बसून सांगते, उशिरा का होईना. माझी मुलगी माझ्यासारखी नाही. पाय माझ्याहून मंद आहेत, डावा हात कच्चा आहे, बचावात आळशीपणा करते. पण पास दिल्यावर तिची मान चेंडूच्या मागे वळते, आणि तो चुकला तर चुकलेल्या मुलीकडे वळते. हे ताईचं. लाकडावर खेळून, मातीचं तोंडही न बघता, तिच्याकडे कुठून आलं कुणास ठाऊक. माझ्याकडून नक्की नाही. तुमच्या यादीत ती ताईच्या खाली आणि माझ्या वर बसते. काल हे तिला सांगायचं सोडून मी तिला सिमेंटच्या गोष्टी सांगत होते.

आत्ता ती बाहेर ड्राइव्हवेवर आहे, जॅन्डल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालूनच खेळते आहे, पाय मुरगळेल म्हणून ओरडायला हवं. पास द्यायला कुणी नाही म्हणून गॅरेजच्या दाराला पास देते. मला खिडकी न उघडता ऐकू येतं. हे पान झालं की मी ते मेथीच्या देठांबरोबर टाकणार नाही, पण पाठवणारही नाही, शेवंतीच्या कागदात गुंडाळून फडताळात ठेवीन. काकूही आता नाहीत, तुमच्या घरी कोण राहतं मला माहीत नाही. बाहेर जाऊन तिला काय म्हणायचं ते ठरवलं आहे. जीव जाईल, पण म्हणीन.

एक राहिलं. वर लिहिलं की मी आले नाही, ते खरं नाही. आईला सुद्धा हे माहीत नाही. दसऱ्याच्या सकाळी मी स्कूटी घेऊन निघाले होते, कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी येऊन थांबले होते. भिंतीमुळे कोर्ट दिसत नव्हतं. सामना चालू होता. मी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि तुम्ही शिकवलं होतंत तसे डोळे मिटले. ताईचा टप्पा ओळखला, तो आता जड झाला होता. मग दुसरा ऐकला, माझ्या ओळखीचा नव्हता. टप, टप, मग काही नाही, आणि लगेच साखळी. पुन्हा टप, टप, आणि साखळी. मी पाच-सात वेळा ऐकलं आणि हेल्मेट घालून परत फिरले. तुम्ही भिंतीच्या त्या बाजूला बसून ज्याची वाट बघत होतात ते मला या बाजूला कळलं होतं. ती मुलगी माझ्यापेक्षा सरस होती, सर.